लष्कराच्या भाकऱ्या आणि वऱ्हाडचं पीठ



मागच्या व्याख्यानात आपण 'संमती' या कल्पनेपाशी थांबलो होतो. राज्यकारभाराला लोकांची संमती आहे असं आपण म्हणतो, तेव्हा ती कधी दिली, कशासाठी दिली आणि किती दिली, हे तपासत होतो. शेवटी मागच्या रांगेतून एक प्रश्न आला. अमेरिका युक्रेनला तोफा देते, इस्रायलला गोळे देते, आणि कित्येकदा त्या पाठवणीवर तिथल्या संसदेत मतदानच झालेलं नसतं. लोकशाहीत हे चालतं कसं? आणि आपल्याकडे काय रीत आहे? आम्ही तेव्हा घड्याळाकडे बोट दाखवून वेळ मारून नेली होती. आज तो प्रश्न घेऊ.

उत्तरासाठी वॉशिंग्टनला जावं लागेल, जाऊच. पण निघायचं वाशिमपासून. (हसू नका, हा शब्दांचा खेळ नाही.) मित्राला फौज द्यायची, ती देताना कुठल्याही प्रतिनिधींच्या सभेला विचारायचं नाही, आणि खर्च मात्र तिसऱ्याच माणसाच्या खिशातून काढायचा, याचं एक ठळक उदाहरण आपण ज्या जमिनीवर बसलो आहोत त्या जमिनीचंच आहे. मराठीत आपण म्हणतो, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या. वऱ्हाडाने १८५३ ते १९०३ अशी पन्नास वर्षं त्या खरोखर भाजल्या.

थोडं मागून सुरू करू. १७८४ साली ब्रिटनच्या पार्लमेंटने एक कायदा केला. पिट यांचा कायदा म्हणून शाळेत आपण तो घोकला. तारखेपलीकडे काही लक्षात राहत नाही, कारण त्यातलं मोलाचं कलम शिकवलंच जात नाही. हिंदुस्थानात मुलूख जिंकण्याचे, राज्य वाढवण्याचे बेत या राष्ट्राच्या इच्छेला, प्रतिष्ठेला आणि धोरणाला धरून नाहीत, असं त्या कायद्यात स्वच्छ म्हटलं आहे. नुसतं म्हटलं नाही. गव्हर्नर जनरलने लंडनमधल्या संचालकांच्या स्पष्ट हुकुमाशिवाय युद्ध पुकारायचं नाही, एतद्देशीय राजाविरुद्ध लढण्याचा तह करायचा नाही, आणि कुणा राजाच्या मुलुखाची हमी घेणारा तहही करायचा नाही, अशी बंदी घातली. आता सांगा, यापेक्षा स्पष्ट कायदा कसा लिहायचा?

पण त्याच कलमात एक कंस आहे. शत्रूने लढाई सुरू केली असेल किंवा तयारी चालवली असेल, तर ही बंदी लागू नाही. आणि ज्या राजाचं रक्षण करण्याचं कंपनीने आधीच तहाने कबूल केलंय त्याच्यावर कुणी चालून येत असेल, तरीही लागू नाही. बघा हं, म्हणजे काय झालं. एक तह केला की तो तहच पुढच्या अपवादाचं कारण बनतो. आज मित्र केला, उद्या मित्राचं भांडण आपलं झालं, परवा त्या भांडणापायी नवा मित्र. प्रत्येक पाऊल कायद्यात बसतं, आणि सगळी पावलं मिळून आपण तिथे पोचतो जिथे जायला कायद्यानेच मनाई केली होती.

वेलस्ली १७९८ मध्ये कलकत्त्याला आला आणि त्याने हेच केलं. १ सप्टेंबर १७९८ रोजी निजाम अली खानाशी तह झाला. कंपनीच्या सहा पलटणी हैदराबादेत राहणार, आणि त्यांच्यासाठी निजाम वर्षाला सुमारे २४ लाख रुपये मोजणार. त्या काळी लंडनला पत्र जायचं म्हणजे महिन्यांची गोष्ट. उत्तर यायला तितकेच महिने. परवानगी मागेपर्यंत गोष्ट घडून गेलेली असायची. पण अंतरापेक्षाही एक युक्ती जास्त कामाची होती. पार्लमेंटचा आणि संचालकांचा खरा लगाम असतो पैशाचा. पैसे देणार नाही म्हटलं की फौज थांबते. इथे फौजेचा खर्च मित्रच देत होता. मग तक्रार करणार तरी कशाची? आपल्या तिजोरीवर बोजा न पडता फौज वाढते आहे, असं कागदावर दिसत होतं. तैनाती फौज म्हणतात ती ही. १२ ऑक्टोबर १८०० च्या तहात फौज वाढली आणि रोकड रकमेऐवजी निजामाने मुलूखच तोडून दिला, बेल्लारी-कडप्प्याकडचा. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने वसईला तसाच तह केला. आमचे विद्यार्थी इंग्रजी पुस्तकातलं 'बसीन' आणि 'बासिम' यांत हमखास गोंधळ करायचे आणि वसईचा तह वाशिमला नेऊन ठेवायचे. चूक खरी, पण फार मोठी म्हणता येणार नाही. वाशिमला जे झालं ते त्याच वेलीचं फळ.

१८०० च्या तहात बारावं कलम होतं. युद्ध झालं तर तैनाती फौजेच्या जोडीला निजामाने आपली सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडेस्वार द्यायचे. युद्ध झालं तर. हे तीन शब्द लक्षात ठेवा, सगळा मामला त्यांच्यावर उभा आहे. पुढे १८११ मध्ये हेन्री रसेल हैदराबादचा रेसिडेंट झाला. निजामाची फौज कुचकामी आहे, तिला शिस्त लावली पाहिजे, असं म्हणत त्याने इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली पलटणी उभ्या केल्या. 'रसेल ब्रिगेड' असं तिचं नाव पडलं. पगार निजामाचा, हुकूम रेसिडेंटचा. हीच वाढत वाढत हैदराबाद कंटिंजंट झाली. तिच्या छावण्या बोलारमला, औरंगाबादला, एलिचपूरला म्हणजे आपल्या अचलपूरला, आणि पैनगंगेपलीकडे हिंगोलीला. युद्ध संपलं, १८१८ ला पेशवाई संपली, फौज मात्र कायम राहिली. युद्धकाळासाठीच्या कलमावर शांततेतली फौज चालली होती. कुठल्या तहाने? कुठल्याच नाही.

मग पगाराला पैसे कमी पडू लागले. हैदराबादेत पामर आणि कंपनी नावाची पेढी होती, ती निजाम सरकारला शेकडा चोवीस-पंचवीसच्या व्याजाने कर्ज देई. युरोपियनांनी देशी राजांना असं कर्ज देऊ नये, असा पार्लमेंटचा कायदा होता. गव्हर्नर जनरलने १८१६ मध्ये या पेढीला खास सवलत दिली. पेढीचा एक भागीदार गव्हर्नर जनरलच्या घरच्या नात्यातला निघाला, हे निव्वळ योगायोगाचं समजू. चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला तेव्हा त्याने हे उघडं पाडलं आणि पेढी बसली. पण कर्ज बसलं नाही. पुढे पगार थकले की कंपनीच्या खजिन्यातून उचल व्हायची आणि तीही व्याजाने. १८५३ पर्यंत थकबाकी पन्नास लाखांच्या घरात गेली.

आता डलहौसीचं बघा. मनुष्य कठोर, पण हिशोबाला पक्का. त्याने आपल्या टिपणात साफ लिहून ठेवलंय की १८०० च्या तहाच्या बाराव्या कलमानुसार ही फौज शांततेच्या काळात ठेवणं निजामाला बंधनकारक होतं, असं सांगायला प्रामाणिक माणूस म्हणून आपण तयार नाही. म्हणजे मागणीला कायद्याचा आधार नाही, हे मागणाऱ्यालाच ठाऊक होतं. तरी वसुली झाली. २१ मे १८५३ रोजी नासिरुद्दौला निजामाने तहावर सही केली. वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिव हे मुलूख कंपनीच्या हाती 'सोपवले' गेले. त्यांच्या उत्पन्नातून निदान पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखान्यांची कंटिंजंट पोसायची, कारभाराचा खर्च काढायचा, आणि उरेल ते निजामाला द्यायचं. दरवर्षी हिशोब दाखवायचा. 'सोपवले' हा शब्दही मोठा गमतीचा. सार्वभौमत्व निजामाचं, सत्ता रेसिडेंटची, आणि नांगर आपल्या पणजोबांचा.

वाशिमच्या एखाद्या कुणब्याला त्या साली विचारलं असतं, बावा, तुझ्या वावराचा सारा कशासाठी जातो, तर त्याने काय सांगितलं असतं? त्याला कुणी विचारलं नाही आणि कळवलंही नाही. सारा पूर्वीही जात होता, आताही जाऊ लागला. फरक एवढाच पडला की त्या पैशावर पोसलेली कंटिंजंट चार-पाच वर्षांतच सर ह्यू रोजच्या फौजेबरोबर झाशी आणि काल्पीच्या मोहिमेत लढली. राणी लक्ष्मीबाईच्या विरुद्ध. आमच्या पिढीने शाळेत राणीच्या पोवाड्यावर टाळ्या वाजवल्या. तिच्यावर चालून गेलेल्या फौजेच्या पगारात वऱ्हाडचा सारा होता, हे आम्हाला कळायला पन्नाशी उलटावी लागली.

आणि १८६०. हे साल मोठं महत्त्वाचं. सत्तावनच्या गडबडीत हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिलं, म्हणून बक्षीस. नवा तह झाला. पन्नास लाखांचं कर्ज माफ, रायचूर आणि धाराशिव परत, शोरापूर बहाल. वऱ्हाड मात्र कंटिंजंटसाठी ठेवून घेतलं, आणि एक लहानसं कलम घातलं: यापुढे वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशोब निजामाने मागायचा नाही. लगेच पुढच्या वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, रेल्वे आली, महसूल वाढत गेला. हिशोब मागण्याचा हक्क ज्या वर्षी गेला, त्यानंतरच मागण्याजोगा हिशोब तयार झाला.

इतका वेळ आपण या गोष्टीवर थांबलो, कारण आजच्या बातम्यांत जे दिसतं ते सगळं इथे उघड्यावर दिसतं. बंदी घालणारा कायदा, त्याच्या पोटातला अपवाद, दुसऱ्याच्या खिशातला पैसा आणि बंद केलेलं हिशोबाचं पान.

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे तत्त्वज्ञानाकडे, जरा वळू. फार वेळ घेत नाही. जॉन लॉक हा संमतीचा मोठा पुरस्कर्ता. कायदेमंडळ श्रेष्ठ, त्याच्या संमतीशिवाय कर नाही, असं ठासून सांगणारा. पण त्याच्याच १६८९ च्या ग्रंथात बाराव्या प्रकरणात तो एक वेगळी सत्ता मानतो. युद्ध, शांतता, दोस्ती, करार, म्हणजे राज्याबाहेरच्या जगाशी असलेला सगळा व्यवहार. त्याचं म्हणणं, ही सत्ता आधी करून ठेवलेल्या कायद्यांनी बांधता येत नाही. परकी माणसं काय करतील त्यावर आपलं वागणं ठरतं, म्हणून ती कारभाऱ्यांच्या शहाणपणावर सोडावी लागते. लोकशाहीच्या घराचा मागचा दरवाजा या परिच्छेदात आहे. आणि खरं सांगायचं तर लॉक चुकला, असं आम्हाला म्हणवत नाही. परराष्ट्र व्यवहार ग्रामसभेसारखा चालत नाही.

त्याला उत्तर देतो कांट, १७९५ मध्ये. म्हणजे वेलस्ली इकडे यायच्या तीनच वर्षं आधी. ज्यांना लढायचं आहे आणि ज्यांना खर्च सोसायचा आहे त्या नागरिकांना विचारावं लागलं, तर ते हजारदा विचार करतील. राजाला विचारावं लागत नाही म्हणून तो युद्धाकडे मेजवानीसारखं बघतो, असा त्याचा युक्तिवाद. त्याच पुस्तिकेत तो जाता जाता असंही म्हणतो की एका राज्याने आपलं सैन्य दुसऱ्याला, दोघांचा सामाईक शत्रू नसताना, भाड्याने द्यायचं म्हणजे माणसांना वस्तूसारखं वापरणं. कौटिल्याने सैन्याच्या सहा जाती सांगितल्या, मौल, भृत, श्रेणी, मित्र, अमित्र आणि आटविक. मित्रबल त्यात चौथं, म्हणजे घरच्या मौल बळापेक्षा तीन पायऱ्या खाली. राजाला ते किती भरवशाचं, एवढंच तो मोजतो. त्या सैन्याच्या घरच्यांना काय वाटतं, हा प्रश्न कांटचा.

आता आधुनिक काळात या. कंपनी गेली, १८५८ चा कायदा आला. त्याच्या पंचावन्नाव्या कलमाने सांगितलं की आक्रमण परतवणं किंवा तातडीची निकड सोडून, हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेरच्या लष्करी मोहिमेवर हिंदुस्थानचा महसूल पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीशिवाय खर्च करायचा नाही. छान कलम. १८७८ मध्ये काय झालं? रशियाशी ताणतणाव होता. पार्लमेंट ईस्टरच्या सुटीला पांगलं आणि लगोलग जाहीर झालं की हिंदी पलटणी माल्टाला निघाल्या आहेत. सुटीवरून परतलेल्या सभासदांनी गदारोळ केला, वाद रंगला, पलटणी तोवर बोटीत होत्या. आपली बाजू मांडायला गोपाळ कृष्ण गोखले १८९७ मध्ये लंडनला वेल्बी आयोगापुढे गेले, वय अवघं तीस-एकतीस. हिंदुस्थानचा लष्करी खर्च साम्राज्याच्या कामासाठी वाढतो आणि त्यावर ज्यांचा पैसा आहे त्यांचा काही ताबा नाही, हे त्यांनी आकडे मांडून दाखवलं. गोखल्यांना आपण मवाळ म्हणून बाजूला ठेवतो, पण हिशोब मागणं किती जहाल असू शकतं हे ती साक्ष वाचून कळतं.

मग स्वातंत्र्य आलं, संविधान आलं. आता ही सत्ता कुठे आहे? केंद्र सूचीत संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, तह-करार, युद्ध आणि शांतता हे सगळे विषय संसदेचे. आणि कलम ७३ म्हणतं, संसदेला ज्या विषयांवर कायदा करता येतो त्या विषयांपर्यंत केंद्राची कार्यकारी सत्ता पोचते. संसदेने कायदा केला नसेल तर? तरी पोचते. म्हणजे मोकळं मैदान. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये कच्छच्या सीमेच्या खटल्यात हेच सांगितलं: करार करणं हे सरकारचं काम, नागरिकांच्या हक्कांवर किंवा देशाच्या कायद्यावर परिणाम होत असेल तेव्हाच संसदेचा कायदा लागतो. मुलूख दुसऱ्याला द्यायचा असेल तर घटनादुरुस्ती लागते, ते बेरुबारीच्या प्रकरणात १९६० मध्येच ठरलं होतं. पण फौज द्यायला? शस्त्रं द्यायला? तसं बंधन नाही. घटनेचा आढावा घेणाऱ्या वेंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये करारांबाबत संसदेने कायदा करावा असं सुचवलं होतं. ते सुचवणं तिथेच राहिलं.

उदाहरण घ्यायचं तर १९८७ चं घेऊ. २९ जुलैला कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांच्या सह्या झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी आपले जवान जाफन्याकडे उतरू लागले. शांतिसेना असं नाव. आधी संसदेचं मतदान नाही; घटनेला ते लागतही नव्हतं. ऑक्टोबरात ज्यांच्यात शांतता राखायची त्यांच्यातल्याच एका बाजूशी लढाई जुंपली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर अकराशेहून अधिक जवान गेले होते. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन आठव्या महार पलटणीचे. २५ नोव्हेंबर १९८७ ला छातीत गोळी लागलेली असताना लढत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. शौर्याला आपण वंदन करतोच. आमचा प्रश्न दुसरा आहे. त्यांना तिथे पाठवण्याच्या निर्णयावर आधी हात वर करून 'हो' म्हणणारा एकही खासदार आपल्याला दाखवता येत नाही, आणि मग 'नाही' म्हणणाऱ्याला जाब विचारणंही शक्य राहत नाही. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९८८ मध्ये, मालदीवमध्ये भाडोत्री सैनिकांनी बंड केलं. राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली आणि त्याच रात्री आग्र्याहून आपले छत्रीधारी सैनिक उडाले. ते काम काही तासांत फत्ते झालं. संसदेची बैठक बोलावत बसलो असतो तर गयूम राहिले नसते. तेव्हा नुसतं 'आधी विचारा' म्हणून भागत नाही.

१९७१ तर याहून अवघड. ३१ मार्चला संसदेने एकमताने ठराव केला, पूर्व बंगालच्या जनतेला सहानुभूती आणि पाठिंबा देणारा. पण मुक्तिवाहिनीला शिबिरांतून शिक्षण आणि शस्त्रं देण्याचं काम झालं ते गुपचूप. हेतूला संमती मिळाली होती, साधनांवर चर्चा नव्हती. सभागृहात चर्चा झाली असती तर ती याह्याखानानेही ऐकली असती. आम्हाला विचाराल तर ती गुप्तता योग्य होती. मग वेलस्लीची चूक आणि इंदिराबाईंची बरोबर, असं का? आवडीनिवडीवर ठरवायचं का? नाही. मोहिमेची गुप्तता एक आणि हिशोबाची गुप्तता दुसरी. पहिली काही दिवसांची, महिन्यांची असते, तिला कारण असतं. दुसरी १८६० च्या कलमासारखी, कायमची. १९७१ मध्ये निदान हेतू सभागृहासमोर होता आणि सरकारला लोकांसमोर पुन्हा जायचं होतं. १९६२ चं उलट टोक बघा. १९ नोव्हेंबरला नेहरूंनी केनेडींना दोन पत्रं लिहिली, लढाऊ विमानांची बारा पथकं आणि बॉम्बफेकी विमानांची दोन पथकं मागणारी. दोनच दिवसांनी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणून आपण अजून अभिमानाने सांगतो. ती पत्रं संसदेसमोर आली नाहीत, आणि पूर्ण मजकूर लोकांना वाचायला मिळायला जवळजवळ अर्धं शतक गेलं. मदत देणं असो की मागणं, दार एकच.

आता पैशाचा लगाम आपल्याकडे कसा आहे? कलम ११४ म्हणतं, संचित निधीतून कायद्याने मंजूर झाल्याशिवाय एक रुपया काढता येत नाही. ठीक. पण सरकार जहाज देतं तेव्हा रुपया काढतं का? जुलै २०२३ मध्ये 'आयएनएस कृपाण' ही युद्धनौका, शस्त्रास्त्रांसकट चालू अवस्थेत, व्हिएतनामला भेट दिली. १९९१ पासून नौदलात असलेली. ती बांधायला पैसे संसदेनेच कधीकाळी मंजूर केले होते. देताना मात्र नव्या मंजुरीचा प्रश्न येत नाही, कारण निधीतून काही निघत नाही. व्हिएतनामला ती देणं आम्हाला स्वतःला गैर वाटत नाही, शेजार बघता शहाणपणाचंच आहे. तरी घरातला बैल शेजाऱ्याला देताना वडील एकदा आईला तरी विचारायचे. आणि अंदाजपत्रकाचं म्हणाल तर २०१८ आणि २०२३ या दोन्ही वर्षी गोंधळात सगळ्या खात्यांच्या मागण्या, संरक्षणासकट, चर्चेविना एकत्र मंजूर झाल्या. संसदेच्या भाषेत त्याला गिलोटिन म्हणतात. लगाम हातात आहे, फक्त हात खिशात आहेत.

अमेरिका हीच जहाजवाली युक्ती मोठ्या प्रमाणावर करते. सप्टेंबर १९४० मध्ये रूझवेल्टने पन्नास जुन्या विनाशिका ब्रिटनला दिल्या आणि बदल्यात बेटांवरच्या तळांचे ९९ वर्षांचे भाडेपट्टे घेतले. काँग्रेसला नंतर कळवलं. करार म्हटला तर सिनेटची संमती लागते, म्हणून त्याला कार्यकारी समझोता म्हटलं. पुढे १९६१ च्या परदेशी मदत कायद्याने ती वाट रीतसर केली. अनपेक्षित आणीबाणी आहे असं राष्ट्राध्यक्षाने ठरवलं की लष्कराच्या गोदामातला माल थेट मित्राला देता येतो. वर्षाची मर्यादा दहा कोटी डॉलर. युक्रेनसाठी २०२२ मध्ये काँग्रेसनेच ती ११०० कोटींवर नेली. म्हणजे प्रत्येक पाठवणीला मत नाही, पण आकड्याला आहे. इथवर समजू शकतं. पण गोदामातल्या जुन्या तोफेची किंमत किती धरायची? नवी घेण्याची की वापरून झिजलेली? जून २०२३ मध्ये पेंटागॉनने जाहीर केलं की आपण किंमत चुकून चढी धरली होती, बरोबर हिशोब केला तर ६२० कोटी डॉलर अजून शिल्लक आहेत. काँग्रेसचं एकही मत न पडता एवढ्या रकमेची आणखी शस्त्रं देण्याची सोय झाली. चूक खरीच असेल. पण घसारा मोजणाऱ्या कारकुनाच्या हाती परराष्ट्र धोरण गेलं, ही गोष्ट वाणिज्य शाखेच्या मुलांना जरूर सांगा.

विक्रीचा रस्ता वेगळा. मोठी विक्री काँग्रेसला आधी कळवायची आणि ठरावीक दिवस थांबायचं, असा १९७६ चा कायदा. त्यातही 'आणीबाणी' असा कंस आहेच, आपला १७८४ चा जुना ओळखीचा. मे २०१९ मध्ये तो वापरून सौदी, अमिराती आणि जॉर्डनसाठी ८०० कोटी डॉलरहून मोठे २२ सौदे पुढे नेले गेले. काँग्रेसने विरोधाचे ठराव केले, ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला. डिसेंबर २०२३ मध्ये बायडन सरकारने तोच कंस उघडून इस्रायलला रणगाड्याचे जवळपास चौदा हजार गोळे दिले. पक्ष बदलला, कंस तोच. आणि कंसही पुरत नाही तेव्हा काय होतं ते १९८६ मध्ये दिसलं. निकाराग्वाच्या बंडखोरांना मदत करायला काँग्रेसने बंदी घातली होती. रेगन यांच्या सल्लागारांनी इराणला शस्त्रं विकून त्यातला नफा तिकडे वळवला. फौजेसाठी दुसऱ्याचा खिसा शोधण्याची कला हैदराबादेत फार आधी सिद्ध झाली होती.

वऱ्हाडची गोष्ट अर्धी सोडली होती, ती पुरी करून थांबतो. हैदराबादचे दिवाण सालारजंग वर्षानुवर्षं वऱ्हाड परत मागत राहिले. १८७६ मध्ये ते लंडनलाही जाऊन आले. उत्तर आलं की निजाम अजून अज्ञान आहेत, ते वयात आल्यावर बघू. सालारजंग १८८३ मध्ये वारले, निजाम १८८४ मध्ये वयात आले. मग नोव्हेंबर १९०२ मध्ये कर्झनने महबूब अली खान यांच्याशी समझोता केला. वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे, वर्षाला २५ लाख रुपये भाडं, आणि त्यातूनही निजामाच्या कर्जाचे हप्ते काही वर्षं कापून. पुढच्याच वर्षी कंटिंजंट मोडून हिंदी सैन्यात मिसळून टाकली. हिंगोलीची छावणी उठली. ज्या फौजेसाठी मुलूख घेतला ती फौज गेली, मुलूख राहिला. तो मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला, पण कागदोपत्री निजामाचाच, म्हणजे परका. त्यामुळे हिंदुस्थानच्या कायदेमंडळाने केलेले कायदेही इथे आपोआप लागू व्हायचे नाहीत. सरकारी अधिसूचना निघेल तेवढेच लागायचे. बासिम हा तेव्हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला, पुसद यवतमाळला गेलं, वाशिम आणि मंगरूळ अकोल्याला. परत जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावं लागलं, तोवर आमचे केस पिकायला लागले होते.

प्रश्न लिहून दिलेत तर बरं, कानाने जरा कमी ऐकू येतं. तोवर चहा घेऊ.